विमानतळ आला की पैसा नक्की कुणाकडे येतो? नवी मुंबई, मिहान, मोपा आणि बाकीचे

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरनं प्रवासी विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून पनवेल, उलवे, उरण ते पार कर्जतपर्यंत कुठंही दोन माणसं भेटली की विषय हाच, आता इकडचं सगळं बदलणार. बदलणार हे खरंच आहे. पण कसं, किती वर्षांनी आणि कुणाचं, ह्याबद्दल बोलताना आपण जमिनीचे भाव, नोकऱ्या, हॉटेलं, टॅक्सी, आंब्याची निर्यात, आयटी कंपन्या हे सगळं एकाच पिशवीत भरतो आणि मग कुणी म्हणतं सोनं होणार, कुणी म्हणतं वाटोळं होणार. ह्या प्रत्येक गोष्टीचं गणित वेगळं आहे, पैसा वेगळ्या वाटेनं येतो आणि वेगळ्या माणसाच्या खिशात जातो. ते गणित जमेल तितकं सोपं करून मांडायचा प्रयत्न करतोय कारण मला मनापासून वाटतं की ज्यांच्या गावाशेजारी विमानतळ येतो त्यांना हे आधी कळलं पाहिजे, नंतर नाही.

सगळ्यात सोपा भाग पहिला घेऊ. विमानतळ म्हणजे मुळात एक कामाची जागा. विमान दिसतं एक पण त्याच्यामागं सामान चढवणारे लोडर, ग्राउंड हँडलिंगवाले, साफसफाई, इंधन भरणारे, जेवण पुरवणारे केटरिंगवाले, सीआयएसएफ, कस्टम्स, दुकानं, पार्किंग अशी माणसांची फौज असते. युरोपात एक ठोकताळा वापरायचे की वर्षाला दर १० लाख प्रवाशांमागे विमानतळाच्या आवारात साधारण हजारभर नोकऱ्या. नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता २ कोटी प्रवाशांची आहे, म्हणजे त्या हिशोबानं तो टप्पा पूर्ण भरला की वीसेक हजार. आपल्याकडं तंतोतंत असंच होईल असं नाही, कारण पगार कमी म्हणून माणसं जास्त लावतात, आणि दुसरीकडं आता चेक-इन, बॅगा, एंट्री सगळं मशीनवर चाललंय. अंदाज यावा म्हणून आकडा दिला एवढंच.

मग येतो दुसरा थर, म्हणजे विमानतळाला माल आणि सेवा पुरवणारे. युनिफॉर्म धुणारी लॉन्ड्री, बेकरी, गाड्या दुरुस्त करणारे, बसचे ठेकेदार. आणि तिसरा थर म्हणजे ह्या सगळ्यांचा पगार जिथं खर्च होतो ते, किराणा दुकान, भाड्याची खोली, पोरांची शाळा, रिक्षा. सरकारी अहवालात मोठमोठे रोजगाराचे आकडे येतात ना, ते हे तिन्ही थर एकत्र करून काढलेले असतात, त्यामुळे आकडा वाचला की पहिला प्रश्न हाच विचारायचा की ह्यात गेटच्या आतले किती आणि बाहेरचे किती, आणि आतल्यातले कायम किती आणि कंत्राटी किती.

पण इथपर्यंतचं सगळं तर साखर कारखानाही करतो. कारखाना आला की तिथं पण कामगार येतात, ट्रॅक्टरवाले येतात, हॉटेलं येतात, गाव वाढतं. मग एवढी जमीन आणि एवढा पैसा घालून विमानतळच कशाला? ह्याचं उत्तर चौथ्या थरात आहे आणि खरी गंमत तिथंच आहे. विमानतळ तुमच्या शहराला बाकीच्या जगापासून काही तासांवर आणून ठेवतो, त्यामुळे जे धंदे तुमच्याकडं येऊच शकत नव्हते ते यायला लागतात. ह्या धंद्यांचा विमानांशी थेट काही संबंध नसतो, ते विमानतळाच्या हिशोबात कुठं दिसत नाहीत, पण शहर बदलतं ते त्यांच्यामुळे.

ह्यावर जॅन ब्रूकनर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ञाचा २००३ चा अभ्यास खूप वापरला जातो. त्यानं अमेरिकेतल्या शहरांचा डेटा घेऊन काढलं की विमानप्रवासी १० टक्क्यांनी वाढले तर त्या शहरातल्या सेवा क्षेत्रातल्या नोकऱ्या साधारण १ टक्क्यानं वाढतात. आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांवर? त्याला काही परिणाम सापडला नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं पण थोडं थांबून विचार केला तर पटतं. बँकवाला, वकील, सॉफ्टवेअरवाला, सल्लागार, डॉक्टर, कॉन्फरन्सवाले ह्यांचा धंदा माणसानं माणसाला भेटण्यावर चालतो, सकाळी जाऊन रात्री परत येता आलं पाहिजे. कारखान्याचा माल मात्र ट्रकनं आणि जहाजानं जातो, त्याला विमानाशी देणंघेणं कमी.

पुराव्याला आपलं चाकणच घ्या ना. पुण्याचा नवीन विमानतळ चाकण-खेड भागात करायचा म्हणून कित्येक वर्षं चर्चा चालली, शेतकऱ्यांचा विरोध झाला, शेवटी जागा बदलून पुरंदरला गेली. म्हणजे चाकणला विमानतळ झालाच नाही. आणि तरीही चाकणला बजाज आहे, महिंद्रा आहे, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन दोन्ही आल्या. कारण त्यांना लागत होता हायवे, एमआयडीसीची जमीन, आजूबाजूचे सुटे भाग बनवणारे लघुउद्योजक आणि गाड्या जहाजात चढवायला बंदर. जर्मनीहून साहेब लोक मुंबईला उतरून गाडीनं येत राहिले. विमानतळ असता तर त्यांची सोय झाली असती आणि पुण्याच्या आयटीला तर नक्कीच फायदा झाला असता, कारण लोहगावचा तळ एअरफोर्सचा आहे आणि तिथली धावपट्टी लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना पुरत नाही, पण विमानतळ नाही म्हणून कारखाने येणार नाहीत हे म्हणणं चाकणनं खोटं ठरवलंय.

आता माल विमानानं जातच नाही असंही नाही. जगातल्या व्यापाराचा वजनानं बघितलं तर जेमतेम १ टक्का माल विमानानं जातो, पण किमतीनं बघितलं तर साधारण ३५ टक्के. म्हणजे विमानात बसतो तो माल एकतर हलका आणि महाग असतो, नाहीतर लवकर खराब होणारा. हिरे, दागिने, मोबाइलचे पार्ट, औषधं, लसी, फुलं, फळं. अंधेरीचं सीप्झ हे ह्याचं आपल्याकडलं सगळ्यात चांगलं उदाहरण. १९७३ ला ते सुरू झालं, नावातच सांताक्रूझ आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, पुढं तिथं हिरे-दागिन्यांच्या निर्यातीचे कारखाने वाढले, आणि ह्याला मोठं कारण म्हणजे विमानतळ हाकेच्या अंतरावर. मरोळ, साकीनाका, जे बी नगरकडची हॉटेलांची रांग, कुरियर आणि कस्टम्स एजंटांची ऑफिसं, हे सगळं त्याच विमानतळाच्या जोरावर उभं राहिलं. आणि त्याच विमानतळाच्या भिंतीला लागून जरीमरी, वाकोला अशा वस्त्या आहेत, तिथली कितीतरी माणसं ह्याच हॉटेलांत, गोदामांत आणि विमानतळावर कामाला जातात. विमानतळाला मजूर लागतो पण मजुराच्या घराची सोय त्या आराखड्यात नसते, हे मुंबईनं आपल्याला पन्नास वर्षं दाखवलंय.

आंब्याचं सांगतो कारण ह्यात एक गोष्ट आहे जी सहसा कुणी समजावून सांगत नाही. अमेरिकेनं भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडलं पण अट घातली की आंब्यावर विकिरण प्रक्रिया, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा, झाली पाहिजे. सुरुवातीला ती लासलगावच्या केंद्रात व्हायची, नंतर पणन मंडळाचं केंद्र वाशीला झालं. म्हणजे रत्नागिरी-देवगडचा हापूस वाशीला येणार, प्रक्रिया होणार, मग मुंबईच्या ट्रॅफिकमधून सहारच्या जुन्या विमानतळावर जाणार आणि तिथून उडणार. आता नवा विमानतळ खाडीच्या ह्याच बाजूला आहे, म्हणजे निम्मा त्रास वाचायला पाहिजे. पण इथं मेख आहे. जगातला साधारण निम्मा विमानमाल प्रवासी विमानाच्या पोटात जातो, वेगळ्या मालवाहू विमानात नाही. त्यामुळे हापूस न्यूयॉर्कला न्यायचा तर न्यूयॉर्ककडं जाणारं मोठ्या पोटाचं प्रवासी विमान तिथून उडायला पाहिजे. नागपूर, दिल्ली, बंगळुरूला जाणाऱ्या छोट्या विमानांनी आपल्या बागायतदाराला अमेरिकेची पेठ मिळत नाही. तसंच मावळातल्या तळेगावच्या गुलाबाचं, व्हॅलेंटाइनच्या आधी ही फुलं परदेशी जातात तेव्हा विमानात जागा मिळणं हीच सगळ्यात मोठी मारामारी असते. तेव्हा कुठल्याही विमानतळाबद्दल किती विमानं उडतात हे विचारण्यापेक्षा कुठं उडतात हे विचारलं तर त्या भागाचं भविष्य जास्त कळतं.

आता नागपूर. मला हा विषय जरा जास्त जवळचा वाटतो कारण नागपूरची गोष्ट विमानतळांच्या सगळ्या चर्चेत शहाणपण शिकवणारी आहे आणि ती फार कमी लोकांना पूर्ण माहीत असते. १९४९ मध्ये आपल्या देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार टोकांहून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला जमायची, एकमेकांत टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलायचे आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी. म्हणजे आज संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र उद्या मद्रासला. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून. आणि १९७३ मध्ये अमेरिकेत मेम्फिस नावाच्या शहरात फेडेक्सनं बरोबर ह्याच पद्धतीनं पार्सलचा धंदा सुरू केला, रात्री सगळीकडनं विमानं मेम्फिसला, तिथं पार्सलांची गावानुसार छाटणी, पहाटे परत. पुढं मेम्फिस कित्येक वर्षं जगातला सगळ्यात जास्त माल हाताळणारा विमानतळ होता आणि फेडेक्स त्या शहरातली सगळ्यात मोठी नोकऱ्या देणारी कंपनी. त्या एका छाटणी केंद्राच्या आजूबाजूला गोदामं आली, मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करून परत पाठवणाऱ्या कंपन्या आल्या, वैद्यकीय उपकरणं बनवणारे आले, कारण रात्री उशिरा पार्सल दिलं तरी सकाळी ते देशात कुठंही पोचतं ही सोय दुसरीकडं मिळत नव्हती.

मग २००२ मध्ये आपल्याकडं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी निघाली आणि तिचं मोठं स्वप्न होतं मिहान. नावाचा अर्थच असा की नागपूरला रेल्वे, रस्ता, विमान सगळं जोडणारं आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचं केंद्र. कागदावर कल्पना पूर्ण पटणारी, नागपूर मध्यावर आहे, पूर्वी टपालाचा अनुभव आहे, युरोप ते आग्नेय आशियाच्या विमानांच्या वाटेवर आहे. पण मालाची विमानं आली नाहीत. का नाही आली? कारण नकाशावर मध्यावर असणं आणि धंद्याच्या मध्यावर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टपालाची विमानं नागपूरला यायची कारण सरकारनं तसं ठरवलं होतं आणि सगळी टपाल सेवा एकाच हातात होती. मेम्फिसला विमानं जायची कारण एका कंपनीनं आपलं अख्खं जाळं तिथं बांधलं. नागपूरला असा कुणी मालक नव्हता. मुंबई-दिल्लीच्या प्रवासी विमानांच्या पोटात माल आधीच जात होता, मग तो वाटेत उतरवून परत चढवायचं कारण काय? विदर्भाची संत्री तर मुख्यतः ट्रकनं बांगलादेशला जायची, तिला विमान परवडणारच नव्हतं.

तरी मिहान फुकट गेलं असं म्हणणं अन्यायाचं होईल आणि नागपूरकर चिडतील ते वेगळंच. तिथं एअर इंडियाच्या विमानांची दुरुस्ती करणारं बोइंगनं बांधलेलं केंद्र आलं, टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या, एम्स आलं, आयआयएम आलं. हे सगळं नागपूरच्या पोरांसाठी चांगलंच आहे, पूर्वी जे पुण्याला जायचे त्यातले काही घरी राहू शकले. पण बघा, आलं ते सेवा क्षेत्र आणि शिक्षण, मालाचं केंद्र नाही. ब्रूकनरचं गणित इथं पण दिसतंच. आणि दुसरी बाजू, शिवणगावसारख्या गावातल्या लोकांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलं. स्वप्न दाखवताना जो हिशोब मांडला त्याच्यावर जमिनी गेल्या, आणि स्वप्न बदललं तरी जमिनीचा हिशोब कुणी परत मांडला नाही. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

पुढचा मुद्दा गोव्यावरनं समजतो. गोव्यात दाबोळीचा तळ नौदलाचा, आठवड्यातले बरेच दिवस सकाळी काही तास नागरी विमानं बंद. म्हणून पेडण्यात मोपा झाला, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. झालं काय, तर मोपा वाढला आणि दाबोळी उतरला, काही कंपन्यांनी आपली विमानं उचलून मोपाला नेली. पेडणे-मांद्रे पट्ट्यात जमिनीला आणि हॉटेलांना भाव आला आणि वास्को-दाबोळीकडच्या टॅक्सीवाल्यांच्या पोटात गोळा. अशा वेळी मोपाचे सगळे प्रवासी गोव्याच्या अर्थव्यवस्थेतली वाढ म्हणून मोजले तर ते चुकीचं आहे, त्यातले बरेच नुसते एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात सरकलेत. खरी वाढ म्हणजे जे पूर्वी येऊच शकत नव्हते आणि आता आले तेवढेच. हे वजा केल्याशिवाय फायद्याचा कुठलाही आकडा खरा मानू नये.

आणि त्याच मोपाचा सिंधुदुर्गाशी संबंध बघा. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा विमानतळ मोठ्या थाटात सुरू झाला, कोकणी माणसाला केवढा आनंद झाला होता. सव्वा वर्षात बांद्याच्या पलीकडं मोपा आला. मालवण-तारकर्लीला जाणारा पर्यटक मोपाला उतरून गाडीनं यायला लागला कारण तिथं देशभरातनं विमानं आहेत आणि तिकिटात निवड करता येते, आणि चिपीची विमानं कधी चालू कधी बंद. म्हणजे सिंधुदुर्गाचा फायदा झाला का? झाला, होमस्टेवाल्यांचा, मासळीच्या खानावळींचा नक्की झाला, पण तो गोव्यातल्या विमानतळामुळे झाला. राज्याची हद्द प्रवासी बघत नाही. त्याला दोन गोष्टी दिसतात, तिकिटाचा भाव आणि दारापर्यंतचा वेळ.

छोट्या विमानतळांची हीच अडचण सगळीकडं आहे. छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या उडान योजनेत सरकार विमान कंपनीला साधारण तीन वर्षं तूट भरून देतं, म्हणजे तोपर्यंत मार्ग पायावर उभा राहावा. कॅगनं २०२३ मध्ये ह्याचा हिशोब मांडला तेव्हा तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी निम्म्याहून जास्त सुरूच झाले नव्हते, ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली आणि मदत संपल्यावर टिकलेले फक्त ५४. शिर्डीसारख्या ठिकाणी विमानतळ चालतो कारण देशभरातला भाविक आधीपासून तिथं येतच होता, काकडीला विमान उतरायला लागलं आणि हैदराबाद, चेन्नईच्या माणसाचा वेळ वाचला. जिथं असा ओढा आधीपासून नाही तिथं नुसती धावपट्टी बांधून माणसं येत नाहीत.

मोठ्या शहरातही हे चुकतं. कॅनडात मॉन्ट्रियलनं १९७५ मध्ये मिराबेल नावाचा प्रचंड विमानतळ उघडला. त्यासाठी जवळजवळ ९७ हजार एकर जमीन घेतली, शेतकरी कुटुंबं उठवली. जुना विमानतळ चालूच ठेवला, परदेशी विमानं नव्यावर आणि देशातली जुन्यावर, आणि शहरापासून नव्यापर्यंत जी जलद रेल्वे करायची होती ती झालीच नाही. लोक वैतागले, विमान कंपन्या टोरोंटोला वळल्या आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं बंद झाली. हे वाचलं की मला लगेच आपला सहार आणि नवी मुंबई आठवतो, कारण आपल्याकडंही दोन विमानतळ एकाच शहराला आहेत आणि एकावर उतरून दुसऱ्यावरनं विमान पकडायचं असेल तर मधला प्रवास कसा, हा प्रश्न तसाच आहे.

पण मुंबईची परिस्थिती मॉन्ट्रियलपेक्षा एका बाबतीत चांगली आहे. सहारला जागाच उरली नव्हती. तिथं दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एकावेळी एकच वापरता येते आणि तसल्या व्यवस्थेवर २०२४-२५ मध्ये साडेपाच कोटी प्रवासी गेले. नवीन विमान कंपनीला मुंबईत यायचं म्हटलं तरी विमान उतरवायची-उडवायची वेळ मिळत नव्हती. म्हणजे कितीतरी मागणी दबून राहिली होती, ती आता नवी मुंबईत बाहेर पडेल. शिवाय अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालाय, उरणची लोकल सुरू आहे, एक्सप्रेसवेवरनं पुणेकर पण येणार. ह्या विमानतळाचा परिणाम त्यामुळे पनवेलपुरता राहणार नाही, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांनाही तो जाणवेल.

आता जमिनीचं बोलू कारण शेवटी आपल्याकडं विमानतळ म्हटलं की लोकांच्या मनात पहिलं तेच येतं. जमिनीचा भाव विमानतळ सुरू झाल्यावर वाढत नाही, बातमी आल्यावर वाढतो. नवी मुंबईची चर्चा नव्वदच्या दशकातली, पर्यावरण परवानगी २०१० ची, ठेका २०१७ ला, पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. एवढ्या लांबच्या काळात ज्याच्याकडं थांबायची ताकद होती त्यानं कमावलं आणि ज्याच्या घरात लग्न, आजारपण, कर्ज आलं त्यानं मधेच गुंठे विकले. सगळ्यात जास्त कमावलं ते ज्यांना बातमी आधी कळली त्यांनी. जमिनीच्या वाढलेल्या किमतीत त्या शेतकऱ्याची मेहनत नसते हे खरं, पण त्या दलालाची पण नसते, ती किंमत वाढते सगळ्यांच्या पैशानं बांधलेल्या रस्त्या-पुलांमुळे. मग ती वाढ कुणाला मिळावी हा सरळ राजकीय प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शोधायचा सगळ्यात मोठा प्रयत्न आपल्याच मातीत झालाय.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको ह्या सरकारी कंपनीनं १९७० नंतर ९५ गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली तेव्हा मोबदला अगदी कमी होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याकडं गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातनं पुढं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. ह्यातलं शहाणपण बघा, रोख पैसा दिला की जमिनीशी नातं तिथं संपतं, पण विकसित जमिनीचा हिस्सा दिला की शहर वाढेल तसा शेतकऱ्याचा वाटा पण वाढतो. विमानतळासाठी जी दहा गावं उठली, कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, चिंचपाडा, गणेशपुरी वगैरे, त्यांना पुष्पकनगरात साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज मिळालं. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ ला जी माणसं रस्त्यावर उतरली आणि २०२२ ला विधिमंडळानं ठराव केला त्यामागं ही सगळी आठवण आहे, नुसता नावाचा हट्ट नाही.

पण ह्या चांगल्या पद्धतीतसुद्धा एक मोठं भोक आहे. हिस्सा मिळतो सातबारावर नाव असणाऱ्याला. खाडीत मासे, खेकडे, जिताडा पकडणाऱ्या कोळ्याचं नाव कुठल्या सातबारावर असणार? मिठागरात काम करणाऱ्याचं? दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईचं? उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली, खारफुटी गेली, आणि त्यावर जगणाऱ्या माणसाला भूखंड नाही. ह्यांच्यासाठी एकच वाट उरते, ती म्हणजे विमानतळावरची नोकरी किंवा ठेका, आणि ती मिळायला प्रशिक्षण लागतं, जे विमान उडायच्या पाच-सहा वर्षं आधी सुरू व्हायला पाहिजे.

एक तोटा आणखी आहे जो घर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. विमानाच्या वाटेखाली इमारतीच्या उंचीवर बंधन येतं. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर भागात कित्येक जुन्या इमारतींचा पुनर्विकास ह्याच कारणानं अडकलाय, बिल्डरला वरचे मजले मिळत नाहीत म्हणून तो येत नाही आणि लोक गळक्या घरात राहतात. पनवेल-उलव्यात फ्लॅट बघताना विमानतळापासून किती किलोमीटर ह्याच्याबरोबर विमानं डोक्यावरनं जातात का आणि इमारतीला उंचीची परवानगी आहे का हे पण विचारा.

आणि सिडकोनं २०१३ पासून विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी जे नैना नावाचं नियोजन क्षेत्र धरलंय, पनवेल-उरणकडची कितीतरी गावं त्यात आहेत, तिथं तर अजून रस्ते, पाणी, गटारं बऱ्याच ठिकाणी कागदावरच आहेत. चौथ्या थरातले धंदे म्हणजे ऑफिसं, दवाखाने, कॉलेजं, गोदामं तिथं येणार की नुसत्या रिकाम्या फ्लॅटांचे टॉवर, हे विमानतळ ठरवणार नाही, ही नियोजनाची कामं कधी होतात त्यावर ते ठरेल.

पुरंदरच्या सात गावांत, पारगाव मेमाणे, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडीत, आता हेच सगळं परत चाललंय. तिथं अंजीर आहे, सीताफळ आहे, माणसांचा विरोध आहे आणि मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी पोलिसांशी झटापट पण झाली. तिथल्या ग्रामसभांनी निर्णय काय घ्यायचा तो त्यांचा हक्क आहे. पण बोलणी झालीच तर टेबलावर नुसता एकराचा भाव नको. विकसित जमिनीचा हिस्सा किती आणि कुठं, तो किती वर्षांत ताब्यात, भूमिहीनांचं काय, गावातल्या किती पोरापोरींना कुठल्या कामाचं प्रशिक्षण कोणत्या वर्षापासून, ग्राउंड हँडलिंग आणि पार्किंगच्या ठेक्यात गावाच्या सहकारी संस्थेला वाटा आहे का, आणि हे सगळं वेळेत झालं नाही तर दंड कुणाला, एवढं तरी मोजणीची पहिली खूण जमिनीत रोवायच्या आधी लेखी मिळायला पाहिजे.